काळा आठ

तुळशीचं लग्न उरकलं आणि निघालो,
इचलकरंजीहून चौघं, शीतलच्या गाडीत.
घरी सांगितलं, शिरोड्याला एक जागा बघायचीय.
कुणी विचारलं नाही,
जागा बघायला नवे शर्ट कशाला.

आजऱ्यापर्यंत दस्तगीर मास्तर
रुलेटचं गणित शिकवत होता:
खाने सदतीस, पैसे मिळणार छत्तीसचे,
तो जो एक शून्य आहे ना, हिरवा,
त्याच्यावर ती अख्खी बोट तरंगते.
आम्ही माना डोलावल्या. शाळेतही डोलवायचो.

गाडी सर्जेराव चालवत होता.
त्याचा वाटा आम्ही तिघं वाटून घेतो
आणि तो स्टिअरिंग घेतो,
हे कधी ठरलं, कुणालाच आठवत नाही.

पणजीत जेटीवर मनगटाला पट्टी बांधली,
दवाखान्यात नव्या बाळाला बांधतात तशी.
लहान होडीतून मोठ्या बोटीवर सोडणारा म्हणाला,
"हांव भितर केन्नाच वचूंक ना."
मांडवी काळी होती,
दिव्यांनी उगाच रंगवलेली.

आत घड्याळ नव्हतं.
खिडक्या होत्या, पडदे ओढलेल्या.
घरी दिवेलागणीआधी जेवून उठणारा शीतल
रात्री साडेअकराला एका हातात पनीर
आणि दुसऱ्यात तिसरा पेग धरून उभा.
मी अंदर-बाहरमध्ये चार हजार घालवले,
मास्तरनं सहा, गणितासकट.
पत्ते वाटणारी पोरगी मिझोरामची,
आपण हरलो की "सॉरी सर" म्हणायची
इतकं मनापासून, की वाटावं तिचंच गेलं.

सर्जेराव सोडा पीत होता.
गाडी उद्या सकाळी चालवायची होती, तरी.
शीतलनं हजाराची एक चिप त्याच्या तळहातावर ठेवली,
"घे रे, तूही खेळ,"
जत्रेत पोराला पैसे द्यावेत तसं.

त्यानं ती आठावर ठेवली.

आठ माग होते त्याचे.
भंगारवाला ते किलोवर घेऊन गेला, त्या दिवशी
आम्ही तिघंही गावात नव्हतो,
किंवा नव्हतो असं सांगितलं.

गोळी खडखडली, धोट्यासारखी, आणि बसली.
पस्तीस हजार. वर मूळचा हजार.
आम्ही ओरडलो, त्याला उचललं, मिठ्या मारल्या.
शीतल म्हणाला, "भांडवल माझं हं!"
आणि हसला,
आणि जरा जास्तच वेळ हसत राहिला.

सर्जेरावनं आधी त्याचा हजार परत केला.
मग उठला. तिथून कुणी उठत नाही. तो उठला.

रात्री दोनला गाड्यावर रस-ऑम्लेट, त्याच्याकडून.
हॉटेलच्या दोन्ही खोल्या, त्याच्याकडून.
सकाळी पोदेराचा भोंगा वाजला
तर हा खाली जाऊन गरम पाव घेऊन आला.
फेणी, काजू, पेट्रोलची टाकी काठोकाठ.
"असू दे, असू दे," म्हणायचा,
पाकीट उघडायचा
आणि आमच्याकडे बघायचा नाही.

"असू दे" हा आमचा शब्द होता.
तीस वर्षं आम्हीच वापरला,
वर म्हणायचो, दोस्तीत हिशोब नसतो.
होता.
नाहीतर ते ऑम्लेट घशात कशाला अडकलं असतं.

बांद्याच्या नाक्यावर पोलिसानं डिकी उघडायला लावली.
स्टेपनीखालच्या बाटल्यांनी उरलेलं सगळं खाल्लं.
सर्जेरावच उतरला, बोलला, देऊन आला.

आंबोलीत धुकं. टपरीवर चार चहा.
त्यानं पाकीट उलटं करून दाखवलं:
लायसन, आणि मनगटावरून कापलेली ती पट्टी.
"झालं बघा. आता तुमची पाळी,"
म्हणाला, आणि कालपासून पहिल्यांदाच
नीट आमच्याकडे बघून हसला.

आम्ही तिघांनी एकदमच खिशात हात घातले,
चाळीस रुपयांसाठी.
एवढी घाई टेबलावरही केली नव्हती.